‘डूम’मधील राक्षस आणि शाळेतील भूमिती

फोबॉस हा मंगळाचा एक चिमुकला चंद्र. त्याचा व्यास जेमतेम बावीस किलोमीटर. आसफ हॉल या अमेरिकन ज्योतिर्विदाने १८७७ साली तो आणि त्याचा जोडीदार डायमॉस हे दोन्ही चंद्र शोधून काढले. ग्रीक भाषेत फोबॉस म्हणजे भीती आणि डायमॉस म्हणजे दहशत. अशा नावांचे चंद्र आयते मिळाल्यावर त्यांच्यावर भुताखेतांची गोष्ट रचण्याचा मोह कोणाला होणार नाही? अमेरिकेतील टेक्सास राज्यात ‘इड सॉफ्टवेअर’ नावाची एक छोटी मंडळी होती. तिने तेच केले आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा संगणकावरील खेळ लोकांपुढे ठेवला. फोबॉसवरील प्रयोगशाळेत नरकाचे दार उघडते, राक्षस बाहेर पडतात आणि एकटा सैनिक त्यांना ठार करीत पुढे जातो, एवढेच त्याचे कथानक. पहिला भाग फोबॉसवर, दुसरा डायमॉसवर आणि तिसरा प्रत्यक्ष नरकात घडतो.

मूळ खेळाचे हे तिन्ही भाग मी नुकतेच अखेरपर्यंत खेळून संपवले. प्रत्येक भागात एका गुप्त टप्प्यासह नऊ टप्पे, म्हणजे एकूण सत्तावीस. शेवटी यांत्रिक पाय लावलेला एक अवाढव्य मेंदू चाल करून येतो; तो पडला की खेळ संपतो. संपल्यावर मनात काय उरले, असे कोणी विचारले तर पहिले उत्तर ‘वेग’ असे द्यावे लागेल. कथानक आठवड्याभरात विसरायला होईल. पण त्या धावण्याची नशा, अग्निगोळा कानाजवळून निघून गेल्याचा भास आणि टप्पा संपल्यावर आपली छाती धडधडते आहे हे ध्यानात येणे, या गोष्टी सहज विसरता येत नाहीत. दुसरी गोष्ट उरली ती म्हणजे एक प्रश्न. ज्या यंत्रांसाठी हा खेळ लिहिला गेला, ती आजच्या साध्या मोबाइलच्या मानाने अगदीच दुबळी होती. मग हा वेग आला कोठून?

हिशेब जुळत नाही!

प्रथम अडचण किती मोठी होती ते पाहू. डूमचा पडदा आडवे ३२० आणि उभे २०० असा एकूण ६४,००० चित्रबिंदूंचा होता. खेळाचे घड्याळ सेकंदाला ३५ टोले देते. या प्रत्येक टोल्याला ‘टिक’ म्हणतात. दर टिकेला नवे चित्र काढायचे, तर सेकंदाला ६४,००० × ३५ म्हणजे २२ लाख ४० हजार चित्रबिंदू रंगवावे लागतील. (खालच्या माहितीच्या पट्टीच्या ३२ ओळी वजा केल्या तर थोडे कमी.) त्या काळी चांगला समजला जाणारा ३८६ जातीचा संगणक सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके देई. भागाकार करून पाहा. एका बिंदूच्या वाट्याला पंधराच ठोके येतात!

आता त्रिमित दृश्याचे मुख्य सूत्र आठवा. वस्तू जितकी दूर, तितकी ती लहान दिसते; दुप्पट दूर गेली की निम्मी. हे समरूप त्रिकोणांचे सूत्र आहे. ते वापरायचे म्हणजे अंतराने भागावे लागते, आणि ३८६ला एका मोठ्या भागाकारासाठी चाळीसच्या आसपास ठोके लागत. हातात पंधरा असताना खर्च चाळीस! राक्षस, बंदुका, आवाज यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

भागाकार आणखी वेगाने करणे शक्य नव्हते. तेव्हा तो करावाच लागू नये अशी सोय खेळ लिहिणाऱ्या जॉन कारमॅक या तरुणाने केली.

एखाद्या लांब भिंतीसमोर तिरके उभे राहा आणि मान अगदी ताठ ठेवा. आता डोळ्यांपुढे एक उभी रेघ कल्पा. त्या रेघेवर दिसणारा भिंतीचा वरचा, मधला आणि खालचा भाग तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहे. अंतर अर्थातच समोरच्या दिशेने, जमिनीला समांतर मोजायचे. म्हणजे त्या संपूर्ण उभ्या रेघेसाठी एकदा भागाकार केला की पुरे. ती किती उंच दिसेल ते कळले, की उरलेले काम केवळ बेरजेचे. पडद्यावर उभ्या रेघा ३२०. समोर एकच भिंत असेल तर चौसष्ट हजार भागाकारांच्या जागी फक्त तीनशेवीस भागाकार पुरतात. जमीन आणि छत यांच्या बाबतीत हीच युक्ती आडवी करून वापरली आहे. सपाट जमिनीवर पडद्याची एक आडवी रेघ घेतली, तर तिच्यावरचे सर्व बिंदू समोरच्या दिशेने सारख्या अंतरावर असतात. म्हणून भिंती उभ्या पट्ट्यांनी रंगवायच्या आणि जमीन आडव्या पट्ट्यांनी.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागली. मान ताठ ठेवण्याची अट मोडली की सगळा डाव कोसळतो. मान वर केली तर भिंतीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांची अंतरे वेगवेगळी होतात. म्हणून मूळ डूममधील सैनिकाला वर किंवा खाली पाहताच येत नाही. राक्षस उंच सज्जावर असला तरी नेम फक्त डावी-उजवीकडे धरायचा. वरखाली तो आपोआप जुळतो. खेळताना ही उणीव मला तासाभरात जाणवेनाशी झाली. कोणती उणीव माणसाला खटकणार नाही हे ओळखणे हादेखील अभियंत्याच्या कौशल्याचाच भाग आहे.

कोण कोणाच्या आड?

दुसरी अडचण अधिक कठीण होती. खोलीत शेकडो भिंती. कोणती पुढे, कोणती मागे? चूक झाली तर मागची भिंत पुढच्या भिंतीवर रंगवली जाईल आणि दृश्याचा विचका होईल. सेकंदात ३५ वेळा सगळ्या भिंतींची अंतरे मोजून क्रम लावणे परवडणारे नव्हते.

त्याचे उत्तर आधीच एका शोधनिबंधात पडून होते. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी संगणकावर दृश्ये कशी निर्माण करावीत याचा अभ्यास करताना शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली त्याचे बीज टाकले होते. १९८० साली फ्युक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी त्याला व्यवस्थित रूप दिले. कल्पना अशी : गावाचा नकाशा घ्या आणि त्यावर एक सरळ रेघ मारा. समजा, तुम्ही रेघेच्या उत्तरेला उभे आहात. मग दक्षिणेकडचे कोणतेही घर उत्तरेकडच्या घराला तुमच्या नजरेआड करू शकणार नाही. उलट मात्र होऊ शकेल. म्हणून आधी उत्तरेकडचा भाग पाहायचा, मग दक्षिणेकडचा. आता प्रत्येक भागात पुन्हा एक रेघ मारा, त्या तुकड्यांत पुन्हा एकेक. असे करता करता प्रत्येक तुकडा इतका साधा उरतो की त्यातल्या भिंती एकमेकींच्या आड येतच नाहीत. रेघ एखाद्या भिंतीला मधोमध छेदून गेली, तर त्या भिंतीचे दोन तुकडे समजायचे. या सगळ्या रेघांची वंशावळ मांडली की एक वृक्ष तयार होतो, आणि प्रत्येक फांदीपाशी दोनच वाटा फुटतात.

वृक्ष तयार करण्याचे वेळखाऊ काम खेळ विकण्यापूर्वीच, खेळ तयार करणाऱ्यांच्या संगणकावर उरकून घेतलेले असे. खेळताना तुमच्या संगणकाने प्रत्येक फांदीपाशी एकच प्रश्न विचारायचा : मी या रेघेच्या कोणत्या बाजूला आहे? दहावीच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर ठाऊक असते. रेघेचे समीकरण ax + by + c = 0 असेल, तर आपल्या जागेचे सहनिर्देशक त्यात घालायचे आणि उत्तर धन येते की ऋण एवढे पाहायचे. बस्स! जवळच्या भिंतीपासून दूरच्या भिंतीपर्यंतचा बिनचूक क्रम आपोआप मिळत जातो. पडद्यावरच्या सगळ्या उभ्या रेघा भरल्या की काम थांबवायचे. त्यामागच्या भिंती काढण्याचे कारणच उरत नाही.

आता या खेळातील काही विचित्र गोष्टींचा उलगडा होतो. डूममधील दारे नेहमी वर उचलली जातात, बाजूला कधी सरकत नाहीत. कारण वृक्ष आधी तयार झालेला असल्याने भिंती नकाशावर हलवता येत नाहीत; जमीन आणि छत यांची उंची मात्र बदलता येते. दार म्हणजे वर जाणारे छत, आणि उद्वाहक म्हणजे वरखाली होणारी जमीन. तसेच एका खोलीवर दुसरी खोली कोठेच नाही. नकाशाच्या प्रत्येक जागेला जमिनीची एकच उंची आणि छताची एकच उंची दिलेली आहे. दुमजली घर त्यात बसत नाही. ज्या जगातून आपण जीव मुठीत धरून धावलो, ते खरे म्हणजे कागदावरचा सपाट नकाशाच होते! आणि राक्षस? त्यांतील काहींची मातीची प्रतिमा घडवून, वेगवेगळ्या बाजूंनी तिची चित्रे घेऊन ती संगणकात भरली होती. जिवंत राक्षसाच्या एकूण आठ बाजू. तुम्ही त्याच्याभोवती फिरलात की चित्र बदलते. मेलेल्याची मात्र एकच बाजू. म्हणून प्रेताभोवती कितीही प्रदक्षिणा घातल्या तरी ते तुमच्याकडे तोंड करूनच पडलेले दिसते.

धावण्याचे गणित

डिसेंबर १९९७ मध्ये या खेळाची मूळ आज्ञावली कर्त्यांनी सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे या जगाचे ‘निसर्गनियम’ आपल्याला थेट वाचता येतात. शिक्षकांनी पुढचा भाग फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे.

तुम्ही धावण्याची कळ दाबून पुढे निघालात की दर टिकेला सैनिकाच्या वेगात २५/१६ एककांची भर पडते. मग तो तेवढा सरकतो, आणि सरकून झाल्यावर घर्षणामुळे त्याचा वेग २९/३२ पट होतो. पहिल्या टिकेत तो १.५६ एकक जातो, दुसऱ्या टिकेत २.९८, तिसऱ्या टिकेत ४.२६. वाढ हळूहळू कमी होत जाते. शेवटी अशी स्थिती येते की जेवढी भर पडते तेवढीच घट होते. हा अंतिम वेग v मानला, तर त्याचे ३/३२ म्हणजेच २५/१६. यावरून v = ५०/३, म्हणजे टिकेला १६.६७ एकक. पावसाचा थेंब ढगातून पडताना अखेर एका ठरावीक वेगाने खाली येतो, त्याचेही तत्त्व असेच आहे. निम्मा वेग अवघ्या सात टिकांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात येतो. कळ दाबताच सैनिक ‘हाताला लागतो’ असे जे वाटते, त्याचे रहस्य या दोन अपूर्णांकांत आहे.

सैनिकाची उंची ५६ एकक. त्याला १.७ मीटर उंचीचा माणूस मानले, तर एक एकक साधारण ३ सेंटिमीटरचे होते. सेकंदाला ५८३ एकक, म्हणजे १७.७ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे ६४ किलोमीटर! उसेन बोल्टने २००९ साली बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्याचा सरासरी वेग ताशी ३८ किलोमीटरही भरत नाही. आमचा सैनिक तर पाठीवर बंदुका आणि दारूगोळा घेऊन धावतो.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. फोबॉसचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे, आणि तेथील मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ११ मीटर आहे. म्हणजे हा वीर खऱ्या फोबॉसवर इतक्या वेगाने धावू लागला, तर पाय जमिनीला टेकायच्या आत अवकाशात कायमचा निघून जाईल, आणि राक्षस मागे बघत राहतील! खेळातील गुरुत्वाकर्षण मात्र वेगळेच आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर टिकेला एका एककाने वाढतो. मीटरमध्ये मांडले तर हे त्वरण पृथ्वीच्या पावणेचारपटीहून किंचित जास्त येते. गुरू ग्रहावरदेखील इतके नाही. खेळ लिहिणाऱ्यांना खगोलशास्त्र येत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. उंचावरून सावकाश तरंगत येणारा सैनिक त्यांना नको होता.

आणखी एक. पुढे धावण्याचा जोर ५० धरला, तर बाजूला सरकण्याचा जोर ४० आहे. दोन्ही कळा एकदम दाबल्या तर? दोन्ही जोर काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरसचे प्रमेय लावा. २५०० अधिक १६०० म्हणजे ४१००. त्याचे वर्गमूळ ६४.०३. म्हणजे तिरके धावणारा सरळ धावणाऱ्यापेक्षा २८ टक्के अधिक वेगवान! तेव्हा त्याचा वेग टिकेला २१.३ एकक होतो. खेळातील अग्निबाणाचा वेग २० एकक आहे. म्हणजे वाट मोकळी असेल तर सैनिक स्वतःच सोडलेल्या अग्निबाणाच्या पुढे पळू शकतो. कमीत कमी वेळात खेळ संपवण्याच्या शर्यती लावणारे खेळाडू हे प्रमेय सतत वापरतात. त्यांतले कितीजण ते ओळखून वापरतात, हा प्रश्न वेगळा.

दैवाचा तक्ता

सैनिकाच्या पिस्तुलाची गोळी राक्षसाला कधी ५, कधी १०, तर कधी १५ गुणांची इजा करते. हे दैव ठरवते, असे खेळणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात संगणकापाशी २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. दैवाची गरज पडली की तो पुढचा आकडा उचलतो, त्याला ३ ने भागून बाकी घेतो, बाकीत १ मिळवतो आणि ५ ने गुणतो. तक्ता संपला की पुन्हा पहिल्यापासून. अग्निगोळे फेकणाऱ्या तपकिरी राक्षसाची ताकद ६० गुणांची आहे. तेव्हा त्याला मारायला किमान चार आणि कमाल बारा गोळ्या लागणार, हे तोंडी सांगता येते.

नवा खेळ सुरू करताना तक्त्यावरचे बोट पुन्हा आरंभाच्या जागी येते. म्हणून खेळणाऱ्याने त्याच टिकांना त्याच कळा दाबल्या, तर तीच लढाई जशीच्या तशी पुन्हा घडते. खेळाचे ध्वनिचित्रण करायचे तर चित्रे साठवण्याची गरजच नाही. कळांची नोंद ठेवली की झाले. ती नोंद टिकेला चार बाइट, म्हणजे सेकंदाला १४० बाइट होते. चित्रे साठवली असती तर सेकंदाला २२ लाख ४० हजार बाइट लागले असते. सोळा हजारपट बचत!

हे समजल्यावर त्या भयंकर नरकाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. तेथे लहर किंवा कृपा असे काही नाही. सर्व काही नियमाने चालते.

डोळे, कान आणि काळजी

यंत्राचे झाले, आता खेळणाऱ्याचे पाहू. पडद्यावर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे जवळजवळ नऊ टिका. राक्षसाचा अग्निगोळा टिकेला १० एकक जातो. ७०० एककांवरून तो यायला दोन सेकंद लागतात. पाव सेकंद दचकण्यात गेला तरी पावणेदोन सेकंद उरतात. आणि सैनिक तर गोळ्याहून वेगवान! खेळणाऱ्याला आपण चपळ आहोत असे वाटावे म्हणून ही अंतरे आणि वेग नेमके बेतलेले आहेत. बंदूकधारी शत्रूंची गोळी मात्र झाडताक्षणीच पोचते, तिला प्रवासच नाही. तिच्यापुढे चपळाईचा उपयोग नसतो. भिंतीचा आडोसाच धरावा लागतो. एकाच खोलीत दोन्ही जातींचे शत्रू असले की पाय आणि डोके दोन्ही चालवावे लागतात.

काहींना हा खेळ खेळताना मळमळते, गरगरते. डोळे सांगतात की आपण ताशी ६४ किलोमीटर वेगाने वळणे घेत धावतो आहोत. आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोल सांभाळणारी इंद्रिये सांगतात की आपण खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. घाटातल्या एस. टी.त पुस्तक वाचणाऱ्याला नेमके याच्या उलट होते : तेथे कान हालचालीची साक्ष देतात आणि डोळे नाकारतात. असा त्रास होऊ लागला की खेळ थांबवून दूरवरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. नेटाने खेळत राहण्यात शहाणपणा नाही.

अशा वेगवान खेळांनी दृष्टीचे अवधान सुधारते काय? अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रीन आणि बावेलिए यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज एक तास मारधाडीचा खेळ खेळायला दिला. दुसऱ्या गटाला ठोकळे रचण्याचा खेळ दिला. पहिल्या गटाची अवधानाच्या चाचण्यांतील प्रगती अधिक दिसली. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम किती मोठा आणि किती टिकाऊ, यावर मतभेद झाले. अभ्यासाला बसण्याऐवजी खेळण्याचे निमित्त म्हणून हा प्रयोग आईवडिलांपुढे ठेवू नये, इतकेच मी म्हणेन.

आणि हिंसा? डूम प्रसिद्ध झाला त्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती. ती दुसऱ्या खेळांबद्दल होती. त्यातून १९९४ साली खेळांना वयोगट लावणारे मंडळ निघाले, आणि डूम सतरा वर्षांवरील खेळाडूंच्या गटात गेला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१५ साली हिंसक खेळ आणि आक्रमक वागणूक यांच्यात संबंध दिसतो असे म्हटले. २०२० साली त्याच संघटनेने स्पष्ट केले की प्रत्यक्ष हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. शिक्षकांना मी सुचवीन की वर्गात हा खेळ दाखवण्याचे कारण नाही. त्यातले रक्त मुलांसमोर मांडण्याजोगे नाही, आणि वयाची अट उगीच घातलेली नाही. पण त्यातील गणित वर्गात आणायला कोणाची हरकत असावी? त्यासाठी एकही राक्षस मारावा लागत नाही.

‘डूम’चे नवे अवतार २०१६, २०२० आणि २०२५ साली निघाले. आज चित्रासाठी स्वतंत्र प्रोसेसर असतो आणि तो प्रत्येक बिंदूसाठी भागाकार सहज करतो. सैनिक मान वर करतो, उड्या मारतो, दुमजली किल्ल्यांतून फिरतो. तरीही धावल्याशिवाय निभाव लागत नाही, हा जुना नियम त्यांतही कायम आहे.

जाता जाता एक उदाहरण सोडवून पाहा. मूळ खेळाच्या आज्ञावलीत घर्षणाचा गुणक २९/३२ ऐवजी १९/२० केला, तर सैनिकाचा अंतिम वेग किती होईल? उत्तर टिकेला ३१.२५ एकक आले तर तुमचे बीजगणित बरोबर आहे. प्रत्यक्ष खेळात मात्र नकाशाच्या अक्षाच्या दिशेने धावताना तो ३० वरच अडेल. कारण नकाशाच्या x किंवा y यांपैकी कोणत्याही अक्षाच्या दिशेने एका टिकेत ३० एककांहून अधिक सरकायचे नाही, अशी आणखी एक अट त्याच आज्ञावलीत आहे. तीच गोष्ट तिरक्या धावण्याची. तेव्हा ही अट कोणकोणत्या कोनांत आड येईल, हे आलेख काढून शोधा.